गळती

चारशे बारा मुलं, अकरा शाळा.
सहा व्हिडिओ, प्रत्येक साडेचार मिनिटांचा,
शेवटी एक खेळ: हिरवं दार, लाल दार.
आधीची चाचणी जूनमध्ये,
नंतरची दिवाळीची सुट्टी संपल्यावर.
मी सोलापुरात आले ते एवढंच तपासायला
की मोबाइलवरून शिकवलेलं ‘नाही’
पोरांच्या तोंडात किती दिवस टिकतं.

टिकतं.
दहापैकी चार होते, सात झाले.
पुण्याच्या ऑफिसात टाळ्या पडतील.

विडी घरकुलातल्या शाळेत
चिलवेरी बाई म्हणाल्या, छान आहे हो तुमचं,
पण व्हिडिओतली ताई फारच शुद्ध बोलते.
आमच्याकडे घरात तेलुगू, गल्लीत कन्नड,
मराठी म्हणजे गणवेश,
घरी गेलं की काढून खुंटीला.
आणि हे असलं जे काही होतं
ते घरीच होतं ना?

मी वहीत लिहिलं: भाषा.
खाली दोन रेघा मारल्या.

रेवणसिद्ध सरांनी लॉग काढून दिला.
कोणी कधी पाहिलं, कुठे थांबलं, कुठे पुढे ढकललं.
बहुतेकांनी रात्री नऊनंतर,
बाप लूमवरून आल्यावर,
कारण फोन तेव्हाच घरी येतो.
क्रमांक ०२७ने मात्र भर दुपारी.
पाचवा व्हिडिओ तीनदा.
चौथ्यांदा अर्ध्यात बंद.
मग ‘कोणाला सांगशील’ या पानावर
अकरा मिनिटं चाळीस सेकंद.
त्या पानावर फक्त एक नंबर आहे, दहा नऊ आठ.
वाचायला दोन सेकंद पुरतात.

फोन कोणाचा, हे आम्ही विचारलं होतं.
आई, वडील, भाऊ-बहीण, इतर.
०२७ची खूण ‘इतर’वर.
पुढे नाव लिहायला रेघ सोडलेली.
रेघ तशीच.

नंतरच्या चाचणीला ०२७ नव्हती.
तेवीस जण नव्हते.
अहवालात याला गळती म्हणतात,
पाच पूर्णांक सहा टक्के.
दहाच्या आत असली की कोणी काही विचारत नाही.

माझी आई याच गावात विड्या वळायची.
मांडीवर सूप, करंगळीला दोरा,
पंचवीसचा एक कट्टा.
कट्ट्यात एक विडी कमी असली
तर ती मोजायची नाही,
तळहातावर घ्यायची आणि परत सोडवायची.
कारखान्यातला माणूस छाट काढायचा ती वेगळी,
ती वाकड्या विड्यांची.
कमी असलेली विडी छाटीत सापडत नाही.

हे समितीला कसं सांगायचं?
नावांची यादी त्यांच्या कुलपात.
फोनवर साहेब म्हणाले, पुरावा काय आहे?
म्हटलं, अकरा मिनिटं चाळीस सेकंद.
ते म्हणाले, नेट गेलं असेल.
असेलही.
म्हटलं, तरी कुलूप काढा.
ते म्हणाले, सोमवारी बघू.

शुक्रवार होता. साडेचार वाजलेले.
मी बाईंना नंबर सांगितला नाही, सांगता येत नाही.
फक्त विचारलं, चाचणीच्या दिवशी तुमच्या वर्गातलं
कोण कोण नव्हतं?

तिघं, त्या म्हणाल्या.
एक सिरसिल्ल्याला मामाकडे गेलेला.
एकाला टायफॉइड.
आणि
त्या थांबल्या.
हजेरीपट उघडला, बोट खाली खाली नेलं,
दिवाळीपासून एका ओळीत नुसत्या फुल्या.
मला वाटलं गावाला गेली असेल,
त्या म्हणाल्या, मग पुन्हा म्हणाल्या,
मला वाटलं.

बाईंनी पदर खोचला, स्कूटीची किल्ली शोधली.
तुम्हाला तेलुगू येतं?
आईशी बोलण्यापुरतं.
पुरे झालं, त्या म्हणाल्या,
ती वही मात्र इथेच ठेवा.